गेलेलं तेल परत आलं पाहिजे : गाडीच्या एसीसाठी कॉम्प्रेसर ऑइल निवडताना

मे महिन्यात सोलापूरहून आलेल्या एका गाडीचा कॉम्प्रेसर मी टेबलावर उघडला होता. तो इतका जाम झाला होता की हाताने तसूभरही फिरेना. चार महिन्यांपूर्वी पुढून धक्का लागून कंडेन्सर फुटला होता. तो बदलला, गॅस भरला आणि गार हवाही छान येऊ लागली. मग उन्हाळा लागला, गाडी लांबच्या प्रवासाला निघाली आणि वाटेतच कॉम्प्रेसर ओरडायला लागून बंद पडला. कॉम्प्रेसर जुना झाला असणार, असा मालकांचा समज होता.

उघडल्यावर वेगळंच दिसलं. आतली तिरकी चकती, म्हणजे स्वॉश प्लेट, उष्णतेने निळसर-काळी पडली होती. पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि तेल म्हणावं असं आत काहीच नव्हतं. मग डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल सोडवून घेतली. ती तिरकी धरल्यावर तिच्या तोंडातून पिवळसर, दाट तेलाची धार संथपणे खाली उतरली. म्हणजे तेल होतं, पण ते कॉइलमध्ये अडकून बसलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, की कंडेन्सर बदलताना जुन्या फ्रिजच्या कामासाठी ठेवलेल्या बाटलीतलं मिनरल ऑइल ओतलं गेलं होतं. काम करणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तेल म्हणजे तेल, एवढंच त्याने धरलं होतं.

शंभर-दीडशे मिलीलिटर तेलाच्या त्या निवडीपायी अख्खा कॉम्प्रेसर गेला. ही चूक टाळता येते, आणि त्यासाठी गाडीच्या मालकालाही काही गोष्टी माहीत असायला हव्यात. हा लेख त्यासाठीच आहे.

तेल गॅससोबत का फिरतं?

इंजिनाला खाली तेलाचं भांडं असतं, पंप असतो, फिल्टर असतो. तेल तिथल्या तिथे फिरतं. गाडीच्या एसीच्या बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये अशी स्वतंत्र व्यवस्था नसते. तेल गॅसमध्ये मिसळून कॉम्प्रेसरबाहेर पडतं, कंडेन्सरमधून, ड्रायरमधून, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून आणि कूलिंग कॉइलमधून जातं आणि सक्शनच्या जाड पाइपने पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये येतं. येताना पिस्टन, बेअरिंग आणि शाफ्टच्या सीलला ओलावा देतं.

या फेरीतली अवघड जागा म्हणजे कूलिंग कॉइल. तिथे गॅसची वाफ होते आणि तेल मागे राहतं. तेलात थोडा गॅस विरघळलेला राहिला तर ते गारव्यातही पातळ राहतं आणि वाफेच्या झोताबरोबर पुढे सरकतं. गॅस तेलात विरघळतच नसेल तर तेल दाट होऊन तळाशी साचतं. गॅस आपला फिरत राहतो, गाडी गारही होते, आणि कॉम्प्रेसर मात्र कोरडा पडत जातो. म्हणूनच चुकीचं तेल पहिल्या दिवशी कधीच कळत नाही.

तेल निवडताना पुढचे सगळे नियम एकाच प्रश्नातून निघतात. या गाडीतल्या गॅसबरोबर हे तेल जाऊन परत येईल का?

तेलांची चार घराणी

*मिनरल ऑइल.* खनिज तेलापासून बनलेलं. जुन्या आर-12 गॅसचं हे जोडीदार. त्या काळी बाहेरून बसवल्या जाणाऱ्या सँडेन 508 सारख्या कॉम्प्रेसरमध्ये 5जीएस ग्रेडचं मिनरल ऑइल असायचं. आर-12 मध्ये ते सहज विरघळतं, त्याच्या जागी आलेल्या आर-134ए मध्ये विरघळत नाही. सोलापूरच्या गाडीत नेमकं हेच नडलं.

*पॅग ऑइल.* पूर्ण नाव पॉलिअल्किलीन ग्लायकॉल. आर-134ए वर चालणाऱ्या, पट्ट्यावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या बहुसंख्य गाड्यांना कारखान्यातून हेच तेल येतं. वंगण म्हणून उत्तम, पण हवेतलं पाणी ओढून घेण्याची याची खोड फार मोठी आहे.

*एस्टर ऑइल.* दुकानात याला पीओई म्हणतात. आर-134ए बरोबर जमतं आणि आत थोडंफार मिनरल ऑइल उरलं असेल तर तेही सांभाळून घेतं. म्हणून जुन्या गाड्यांच्या रूपांतरात याचा उपयोग होतो. विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्येही याच घराण्यातलं, पण त्या कामासाठी खास बनवलेलं तेल असतं. पाण्याशी मात्र एस्टरचं अजिबात पटत नाही. पाणी आणि उष्णता मिळाली की त्याचं विघटन होऊन आम्ल तयार होतं.

*पीएओ.* पूर्णपणे कृत्रिम तेल, बऱ्याचदा ‘युनिव्हर्सल’ या नावाने विकलं जातं. पाणी ओढत नाही ही त्याची जमेची बाजू. पण आर-134ए मध्ये ते नीट विरघळत नाही. निर्मात्याने पॅग सांगितलं असताना केवळ डब्यावर ‘सर्व गॅससाठी’ असं छापलंय म्हणून ते ओतू नये.

यांखेरीज जे काही हाताशी असेल ते, म्हणजे इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, घरच्या स्प्लिट एसीचं तेल, यांतलं काहीही चालत नाही. घरच्या एसीतही एस्टर असतं असा युक्तिवाद कानावर येतो. पण त्याचा दाटपणा वेगळा, त्यातली रसायनं वेगळी आणि कॉम्प्रेसरची रचनाही वेगळी.

46, 100, 150 : आकडा काय सांगतो?

पॅगच्या डब्यावर 46, 100 किंवा 150 असा आकडा असतो. तो तेलाचा दाटपणा आहे, 40 अंश सेल्सिअसला मोजलेला. आकडा मोठा, तेल दाट. मोठ्या आकड्याचं तेल ‘जास्त भारी’ असं समजून आपल्या उन्हाळ्यासाठी 46 च्या जागी 100 टाकणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. कॉम्प्रेसरच्या आतली फट किती, भाग कोणते आणि तेल कुठल्या वाटेने फिरतं, यावर निर्मात्याने हा आकडा ठरवलेला असतो. गावच्या हवेप्रमाणे तो बदलायचा नसतो.

काही जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. डेन्सोच्या आर-134ए वरच्या अनेक कॉम्प्रेसरना एनडी-8 लागतं, जे पॅग 46 च्या वर्गातलं आहे. सँडेनच्या एसडी7व्ही16 ला एसपी-10, म्हणजे पुन्हा पॅग 46 चा वर्ग. त्याच सँडेनच्या एसडी7एच15 ला मात्र एसपी-20, म्हणजे पॅग 100 चा वर्ग. कंपनी एक, दोन मॉडेलं आणि तेलं वेगळी. त्यामुळे ‘सँडेन आहे ना, मग हे टाका’ असं म्हणून भागत नाही.

बरोबर तेल शोधण्याचा क्रम असा ठेवा. बॉनेटखालचं एसीचं स्टिकर आधी वाचा. त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅममधलं वजन असतं, बऱ्याच गाड्यांत तेलाचं नावही असतं. ते नसेल तर कॉम्प्रेसरच्या अंगावरची पट्टी पुसून वाचा. मॉडेल नंबर आणि तेलाचा प्रकार तिथे सापडतो. तरीही नाही कळलं तर गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. गाडीला आधी कधी दुसऱ्या जातीचा कॉम्प्रेसर बसवला असेल तर बॉनेटचं स्टिकर बाजूला ठेवायचं आणि जो कॉम्प्रेसर आज बसलाय त्याच्या पट्टीवर विश्वास ठेवायचा.

जुनी गाडी 134 वर आणताना

जपून ठेवलेल्या कॉन्टेसा, जुन्या मारुती, एसी बसवलेल्या पद्मिनी असलेले हौशी लोक हा प्रश्न हमखास विचारतात. आर-12 हा सीएफसी वर्गातला गॅस. ओझोनचा थर वाचवण्यासाठी 1987 मध्ये माँट्रियल करार झाला आणि 1992 मध्ये भारत त्यात सामील झाला. ठरल्याप्रमाणे 2010 पर्यंत, दम्याच्या इनहेलरसारखे अपवाद सोडून, आपल्याकडे सीएफसीचा वापर थांबला. आज कोणी ‘ओरिजिनल आर-12’ म्हणून नवं सिलिंडर पुढे केलं तर त्यात काय असेल याची खात्री नाही. आर-134ए वर येणं हाच सरळ रस्ता.

पण उरलेल्या आर-12 वर नवा गॅस चढवणं म्हणजे रूपांतर नव्हे. दोन गॅसचं मिश्रण झालं की गेजवरचे आकडे निरर्थक होतात, तेल कोणाबरोबर फिरणार हेही अनिश्चित होतं आणि ते मिश्रण पुढे कोणाच्या यंत्रात ओढून घेता येत नाही. कामाचा क्रम असा असावा.

जुना गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घ्या. मग कॉम्प्रेसर उतरवून त्यातलं जुनं तेल ओतून काढा. पाइप आणि कूलिंग कॉइल एसीसाठीच बनवलेल्या फ्लशिंगच्या द्रावणाने धुऊन कोरड्या नायट्रोजनने पूर्ण सुकवा. पेट्रोल, थिनर वापरू नका, त्यांचा अंश आत राहतो. गॅरेजच्या एअर कॉम्प्रेसरच्या साध्या हवेने फुंकरही मारू नका, त्या हवेत पाणी आणि तेलकटपणा असतो.

ड्रायर बदला. हे ऐच्छिक नाही. आर-12 च्या जुन्या ड्रायरमधले पाणी शोषणारे दाणे, ज्यांना एक्सएच-5 म्हणतात, आर-134ए बरोबर टिकत नाहीत. त्यांचा भुगा होऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकतो. एक्सएच-7 किंवा एक्सएच-9 दाण्यांचा ड्रायर घ्या. सोडवलेल्या प्रत्येक जोडावरची ओ-रिंग नवी, आर-134ए साठी चालणाऱ्या रबराची घाला. ती सहसा हिरव्या रंगाची मिळते, पण रंगापेक्षा पाकिटावर काय लिहिलंय ते पाहा. रबरी पाइप तडकलेले असतील तर आतून थर दिलेले नवे पाइप करून घ्या.

आता तेल. धुऊन काढलं तरी थोडं मिनरल ऑइल कुठेतरी राहतंच, आणि आर-12 मधल्या क्लोरीनचे अंशही राहतात. पॅगचं या दोघांशी जमत नाही. एस्टर दोघांनाही सहन करतं. म्हणून जुनाच कॉम्प्रेसर राहणार असेल तर एस्टर, दाटपणा मूळ तेलाच्या जवळचा. नवा आर-134ए चा कॉम्प्रेसर, नवा कंडेन्सर, नवे पाइप असं सगळंच बदललं असेल तर नव्या कॉम्प्रेसरच्या निर्मात्याने सांगितलेलं पॅगच वापरावं.

गॅस भरताना जुन्या स्टिकरवरच्या आर-12 च्या वजनाच्या 80 टक्क्यांपासून सुरुवात करा, 90 टक्क्यांच्या पुढे सहसा जावं लागत नाही. कंडेन्सर 60 अंशांपर्यंत तापला की आर-134ए चा दाब आर-12 पेक्षा साधारण दहा टक्के जास्त असतो. विदर्भाच्या मे महिन्यात, सिग्नलला उभ्या गाडीत, ही पातळी सहज गाठली जाते. त्यामुळे हाय प्रेशरला कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच आणि कंडेन्सरसमोरचा जोरकस पंखा या दोन गोष्टी रूपांतरासोबतच कराव्यात. शेवटी गॅस भरण्याच्या तोंडांवर आर-134ए चे क्विक कपलर बसतील असे अडॅप्टर लावा, म्हणजे उद्या कोणी चुकून दुसरा गॅस भरणार नाही.

किती ओतायचं?

तेलाचा प्रकार जमला तरी माप चुकलं की परिणाम तोच. कमी पडलं तर कॉम्प्रेसर घासतो. जास्त झालं तर कूलिंग कॉइलच्या आतल्या भिंतींवर तेलाचा थर बसून गारवा उतरतो, दाब चढतो, आणि एखाद्या वेळी तेलाचा लोंढा पिस्टनसमोर येतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे तुटतो तो व्हॉल्व्ह.

लहान गाड्यांच्या पूर्ण एसीत अनेकदा 100 ते 150 मिलीलिटर तेल असतं. ते सगळं कॉम्प्रेसरमध्ये नसून सर्वत्र पसरलेलं असतं. एखादा भाग बदलला की त्या भागासोबत गेलेलं तेलच परत घालायचं. मॅन्युअलमध्ये प्रत्येक भागाचा आकडा दिलेला असतो. तो हाताशी नसेल तर कंडेन्सरला साधारण 30 ते 40 मिलीलिटर, कूलिंग कॉइलला 40 ते 50, ड्रायरला 10 ते 20, एका पाइपला 10, हा अंदाज धरता येतो.

कॉम्प्रेसर बदलताना मी काय करतो ते सांगतो. उतरवलेला कॉम्प्रेसर मापाच्या स्वच्छ पेल्यावर धरतो, सक्शन आणि डिस्चार्जची तोंडं खाली. पुढचा हब हाताने हळूहळू फिरवतो. आधी थेंब, मग बारीक धार, मग पुन्हा थेंब. दहा-बारा वेळा फिरवल्यावर पेला उजेडात धरून आकडा वाचतो. समजा 40 मिलीलिटर आलं. मग त्यातलं बोटभर तेल पांढऱ्या कागदावर टिपतो. फिकट मधासारखा रंग असेल तर आत सगळं ठीक. काळं आणि जळका वास येत असेल तर तेल तापलंय. कागद तिरका केल्यावर चांदीसारखी बारीक चमक दिसली तर कॉम्प्रेसरचं ॲल्युमिनियम झिजून सगळ्या एसीत पसरलंय. अशा वेळी फक्त कॉम्प्रेसर बदलून उपयोग नाही. ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे घ्यावे लागतात. आजकालच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधून हा भुगा फ्लशिंगने पूर्ण निघत नाही, म्हणून कंडेन्सरही.

तेल स्वच्छ असेल तर पुढचा हिशोब सोपा. नवा कॉम्प्रेसर बऱ्याचदा पूर्ण एसीचं तेल आतच घेऊन येतो, समजा 120 मिलीलिटर. तो तसाच बसवला तर गाडीत आधी पसरलेलं तेल अधिक हे 120, म्हणजे भलतंच जास्त होईल. म्हणून नव्यातलं तेलही पेल्यात काढायचं आणि जुन्यातून निघालं तेवढं, अधिक जुन्याच्या आतल्या भिंतींना चिकटून राहिलेल्याचे सुमारे 10, असं 50 मिलीलिटर परत घालायचं. गॅस गळून तेलही वाहून गेलं असेल तर मात्र हा हिशोब लागू होत नाही. तिथे सगळं धुऊन, सुकवून, पूर्ण माप नव्याने घालावं. तेल घातल्यावर पट्टा चढवण्याआधी हब पुन्हा दहा-पंधरा वेळा हाताने फिरवा. सिलिंडरमध्ये साचलेलं तेल त्यामुळे बाहेर सरकतं आणि पहिल्या फेऱ्याला धक्का बसत नाही.

गॅस कमी झाला म्हणून दरवर्षी तो भरून घेणाऱ्यांनी इथे एक लक्षात घ्यावं. गॅस जिथून जातो तिथून तेलही झिरपतं. जोडावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला तर तिथेच गळती आहे. ती बंद न करता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरत राहिलं तर चार-पाच वर्षांत कॉम्प्रेसर तेलाविना राहतो. आणि ज्या नव्या गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर असतो तिथे एसी बंद असला तरी शाफ्ट फिरतच राहतो. त्याला तेलाची गरज चोवीस तास नसली तरी इंजिन चालू असेल तोवर नक्कीच असते.

पावसाळा आणि उघडा डबा

जुलैत कोकणात पॅगचा डबा झाकण उघडं ठेवून जेवायला गेलात तर परत आल्यावर तेल पाहून काहीच फरक कळणार नाही. रंग तोच, वास तोच. पण एवढ्या वेळात त्याने हवेतलं पाणी ओढलेलं असतं. ते पाणी आत जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हशी बर्फ होतं, धातू गंजवतं आणि तेलाची वाट लावतं. व्हॅक्यूम मारून ते सगळं निघेल या भरवशावर राहू नका. पॅग पाण्याला धरून ठेवतं. पाइपातलं मोकळं पाणी निघतं, तेलात मुरलेलं सहज सुटत नाही.

म्हणून मोठा कॅन स्वस्त पडला तरी लहान, 250 मिलीलिटरचे पत्र्याचे सीलबंद डबे घ्या. प्लास्टिकच्या भिंतीतूनही ओल आत शिरते. उरलेलं तेल महिनाभराने दुसऱ्या गाडीत घालू नका. सोडवलेल्या पाइपांची तोंडं त्याच क्षणी बुचांनी बंद करा आणि ड्रायरची टोपणं अगदी शेवटी, जोडण्याच्या वेळीच काढा.

व्हॅक्यूम किमान 30 ते 45 मिनिटं चालू द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. इथे पुण्याकडच्या मेकॅनिकांसाठी एक सूचना. साध्या गेजचा काटा मुंबईत पारा-इंचांच्या 30 च्या जवळ जातो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे. तिथे हवेचाच दाब कमी, त्यामुळे काटा 28 च्या आसपास थांबतो. ते पाहून गळती शोधत बसू नका आणि पंपाला दोष देऊ नका. जमलं तर मायक्रॉन गेज घ्या. ते उंचीवर अवलंबून नसतं. 500 मायक्रॉनपर्यंत खाली येऊन, पंप बंद केल्यावरही ते तिथेच टिकलं, तर आत कोरडं आहे आणि गळतीही नाही, असं निर्धास्त म्हणता येतं.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडी : इथे एक थेंबही नको

इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड व्हिटाराची स्ट्राँग हायब्रिड अशा गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही. त्याच्या पोटातच मोठ्या व्होल्टेजची मोटर असते आणि तिच्या गुंडाळ्या तेलात, गॅसमध्ये भिजलेल्या असतात. म्हणजे इथलं तेल वंगणाबरोबर विजेचं इन्सुलेशनही सांभाळतं. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये डेन्सोचं एनडी-11 हे एस्टर तेल याच कारणाने असतं.

पॅग वीज वाहू देतं. एक टक्का पॅग जरी या तेलात मिसळलं तरी इन्सुलेशन ढासळतं, गाडीला विजेची गळती जाणवते, डॅशवर धोक्याची सूचना येते आणि गाडी सुरू व्हायलाच नकार देऊ शकते. मग नुसतं तेल बदलून भागत नाही. कॉम्प्रेसरपासून पाइपांपर्यंत जवळजवळ सगळा एसी बदलावा लागतो.

हे पॅग बाटलीतूनच येतं असं नाही. आधीच्या गाडीचं काम करून गॅस भरण्याच्या यंत्राच्या नळीत जे थोडंसं राहतं, तेही पुरेसं आहे. गळती शोधायला घालतात तो हिरवा चमकणारा रंगही बऱ्याचदा पॅगमध्ये कालवलेला असतो. म्हणून हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर वेगळ्या नळ्या, किंवा धुण्याची सोय असलेलं यंत्र असलेल्या ठिकाणीच जा. या गाड्यांच्या मोठ्या व्होल्टेजच्या केशरी तारांना प्रशिक्षण नसलेल्याने हात लावू नये, हे वेगळं सांगायला नको.

नवा गॅस, आर-1234वायएफ

आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो मोठा आहे. 100 वर्षांच्या हिशोबात त्याचा एक किलो 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा धरला जातो. 450 ग्रॅम गॅस हवेत सोडला तर 640 किलोंहून अधिक. गॅस यंत्राने काढून घ्या, असं वर म्हटलं ते यासाठीही. युरोपात 2017 पासून नव्या कारमध्ये आर-134ए चालत नाही. 2021 मध्ये भारतानेही माँट्रियल करारातल्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून आपल्याकडे आर-134ए च्या वर्गातल्या गॅसची टप्प्याटप्प्याने कपात 2032 पासून सुरू व्हायची आहे.

बाहेरून आलेल्या काही गाड्यांत किंवा युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या गाड्यांत आर-1234वायएफ असतो. तो महाग आहे म्हणून त्यात आर-134ए भरून घेण्याचा मोह होतो. तसं करू नका. या गॅसचं पॅग वेगळं असतं, त्यात आम्ल आणि ओल यांना तोंड देणारी जास्तीची रसायनं असतात, आणि आर-134ए चं साधं पॅग तिथे टिकत नाही. उलट दिशेने, जुन्या आर-134ए गाडीत हा नवा गॅस भरणंही नको. तो सौम्य का होईना, ज्वलनशील आहे, आणि ती गाडी त्या हिशोबाने बनवलेली नाही.

स्वस्त सिलिंडरपासूनही सावध राहा. 2011 मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मालवाहू रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट होऊन माणसं दगावली. आर-134ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती. हा वायू ॲल्युमिनियमशी मिळून हवा लागताच पेटणारं संयुग तयार करतो. आणि गाडीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल, सगळं ॲल्युमिनियमचंच असतं. एलपीजीवर एसी चालवून देणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा. ज्वालाग्राही गॅस भरलेली कॉइल तुमच्या मुलाबाळांच्या पायांसमोर असते.

गॅरेजमध्ये विचारायचे प्रश्न

तुम्ही स्वतः हे काम करणार नसाल तरी काम सुरू होण्याआधी शांतपणे पाच गोष्टी विचारा. माझ्या कॉम्प्रेसरला कोणतं तेल लागतं आणि ते कुठे लिहिलंय? सीलबंद डबा माझ्यासमोर उघडाल का? जुन्यातून किती निघालं आणि नवं किती घातलं? ड्रायर बदलताय ना? गॅस वजनावर भरणार की फक्त गेज पाहून?

चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी दुखावला जात नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण मापाने काम करायला वेळ लागतो आणि त्या वेळेची किंमत कळणारं गिऱ्हाईक त्याला हवंच असतं. ‘चालतं हो सगळं’ एवढंच उत्तर मिळालं तर गाडी पुढे न्या.

सोलापूरच्या त्या गाडीची कूलिंग कॉइल धुऊन, नायट्रोजनने सुकवून बसवली. कॉम्प्रेसर झिजून त्याचा भुगा पसरला होता, त्यामुळे कंडेन्सर चार महिन्यांचा असूनही पुन्हा नवा घ्यावा लागला. पट्टीवर लिहिलेल्या ग्रेडचं पॅग नव्या डब्यातून मोजून घातलं. शेवटी बॉनेटच्या आतल्या बाजूला, मूळ स्टिकरशेजारी, एक छोटी चिठ्ठी चिकटवली. तेलाचं नाव, मिलीलिटर, गॅसचे ग्रॅम, तारीख. पुढच्या वेळी ते बॉनेट उघडणारा मी नसेन कदाचित. पण जो कोणी असेल त्याला अंदाजाने बाटली उचलावी लागणार नाही.